भरून ठेवलेली टाकी

धुळ्यात साक्री रस्त्याला शहर विरळ होत जातं आणि टायरवाले, बॅटरीवाले, रेडिएटरवाले ओळीने लागतात, तिथे अभिमन मिस्तरीचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, समोर एक कडुनिंब, आणि शेडमागे दोन खोल्यांचं घर. शेडच्या मागच्या भिंतीवर गाड्यांतून काढलेले जुने भाग तारेने टांगलेले दिसतात. पंप, झडपा, नळ्या, गंजलेले डबे. प्रत्येकाच्या तारेत पत्र्याचा एक तुकडा आणि त्यावर खिळ्याने कोरलेलं मालकाचं नाव. नवा भाग बसवला तरी जुना वर्ष-दोन वर्षं भिंतीवर ठेवायचा, ही अभिमनची रीत. मालक कधीही येऊन बघू शकतो, की आपल्या गाडीतून काय काढलं होतं.

एकदा एका ट्रकवाल्याने विचारलं होतं, "नाना, एवढे फोटो कोणाचे लावून ठेवले?"

"चुलत्यांचे," अभिमन म्हणाला. "मोठं खटलं होतं आमचं."

त्या भिंतीवर आता एक तार रिकामी आहे. नुसती तार. पत्र्याचा तुकडाही नाही. तिला दुसरं काही टांगलेलं कोणी पाहिलं नाही.

अभिमन अठ्ठावन्न वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षी तो धुळ्यात एका उस्तादाच्या हाताखाली लागला. कार्बोरेटरचे दिवस होते ते. उस्तादाने त्याला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, गाडीचं दुखणं हाताने नाही, कानाने शोधायचं. दुसरी, गाडीखालून बाहेर येताना तोंड पुसून यायचं. तोंडावर शंका दिसली की गिऱ्हाईक गेलं. पहिली गोष्ट अभिमनने इतकी अंगात मुरवली की लोक कुसुंब्यापासून, नेरपासून गाड्या त्याच्याकडे आणत. दुसरी किती मुरली होती ते त्याला स्वतःलाही बरीच वर्षं कळलं नाही. "माझं चुकलं" असं त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. तो गर्विष्ठ नव्हता. ते शब्द त्याच्या तोंडाला माहीतच नव्हते.

तो डावखुरा. तार बांधायचा तर पीळ उलटा पडायचा, आणि वेढे मोजून चार. अभिमनने बांधलेलं सुटत नाही, असं त्या रस्त्यावर म्हणत.

भूपेंद्र त्याच्याकडे पहिल्यांदा आला तो फाल्गुनात. कुसुंब्याच्या पुढे फाट्यावरून आत, पांझरेकाठी त्याचं गाव. बाप रुपचंद आबा, आई यशोदाबाई, मोठी बहीण पुनम नशिराबादला दिलेली. भूपेंद्र तेहतीस वर्षांचा, घरची शेती बघून एका जिनिंगवर कापूस वजनाचं काम करायचा. लग्न जमत नव्हतं. त्या भागात शेतकऱ्याच्या पोराला मुलगी द्यायला मुलीचा बाप तीनदा विचार करतो. म्हणून त्याने जुनी पण उंच, पांढरी, पेट्रोलवर चालणारी मोठी गाडी घेतली होती.

"नाना," तो म्हणाला, "दारात ही उभी दिसली तर मुलीवाले निदान चहा पिईपर्यंत बसतात. पण हिचं काहीतरी कोंडतंय. दहा-बारा किलोमीटर गेलं की डचके खाते. पंपावर पेट्रोल भरायला घेतलं तर नळी दर मिनिटाला टक् करून बंद पडते. पंपावरचं पोरगं म्हणतं, काका, तुमची गाडी पीतच नाही."

अभिमनने बोनेट उघडलं नाही. तो मागे गेला, टाकीच्या झाकणाला कान लावला आणि झाकण सावकाश फिरवलं. सुस्स् करून हवा आत शिरली. तहानलेल्या माणसाने श्वास ओढावा तशी, बराच वेळ.

"झाकण ढिलं ठेव आणि फाट्यापर्यंत जाऊन ये."

भूपेंद्र गेला आणि हसत परत आला. एकही डचका नाही.

"टाकीला श्वास लागतो," अभिमन त्याला म्हणाला. "पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा आत यायला पाहिजे. आणि ऊन चढलं की पेट्रोलची वाफ होते, ती बाहेर जायला पाहिजे. पण वाफ उघड्यावर सोडायची नाही, म्हणून मध्ये कोळशाचा डबा बसवतात. कोळसा वाफ धरून ठेवतो, गाडी चालली की इंजिन ती ओढून जाळतं. तुझ्या डब्याचं नाक बंद झालंय."

गाडीखाली शिरून त्याने तो काळा डबा सोडवला. हवा घेण्याच्या तोंडावरची जाळी उघडली, तर आत कापूस. जिनिंगच्या अंगणात गाडी दिवसदिवस उभी राहायची, तिथली हवेतली रुई जाळीत बसून बसून तिची गादी झाली होती. त्यात भूपेंद्रला टाकी गळ्यापर्यंत भरायची खोड. नळी बंद पडली की तो पोराला म्हणायचा, अजून थोडं, अजून थोडं. तसं वरचं पेट्रोल डब्यात उतरून कोळसाही भिजून चिखल झाला होता.

"नवा डबा मागवावा लागेल. आठ दिवस."

"आठ दिवस नाहीत, नाना. परवा जळगावकडे मुलगी बघायला जायचंय. पुनमताईने जमवलंय. काहीतरी करा."

तेव्हा अभिमनने काहीतरी केलं. डबा काढून टाकला. इंजिनाकडच्या नळीत बूच मारलं, टाकीकडची नळी मोकळी सोडली आणि चार वेढ्यांची तार मारून वर बांधून टाकली. टाकीला श्वास मिळाला. वाफ उघड्यावर गेली तर गेली, चालत्या गाडीत कोणाला कळतं?

"समोरचा पिवळा दिवा लागून राहील," तो म्हणाला. "त्याच्याकडे बघू नको. पुढच्या महिन्यात ये, डबा बसवू."

डबा भिंतीवर गेला. पत्र्यावर नाव कोरलं, भूपेंद्र.

तो आठवड्याने पुन्हा आला, पण डब्यासाठी नाही. सहज थांबला होता. पिवळ्या दिव्यावर त्याने आईच्या आरशावरची लाल टिकली चिकटवून टाकली होती.

"बघा, नाना. दिव्याचं लग्न लावून टाकलं. माझं राहिलं."

"मुलीचं काय झालं?"

"चहा पिऊन गेले," भूपेंद्र म्हणाला, आणि दोघंही हसले.

आखाजीच्या दोन दिवस आधी तो गेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. पुनमला आणायला नशिराबादला जायचं म्हणून सकाळीच कुसुंब्याच्या पंपावर त्याने टाकी भरून आणली, त्याच्या सवयीप्रमाणे गळ्यापर्यंत. गाडी दारात लावली आणि निघण्याआधी केळीला पाणी सोडून येतो म्हणून विहिरीवर गेला. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत वीज उतरली होती.

पुनम आली, पण एसटीने आणि वेगळ्याच कामाला.

गाडी जागची हलली नाही. रुपचंद आबांनी ती कोणाला हलवू दिली नाही. अंगणात गोठ्याला लागून पत्र्याची पडवी होती, तिथे ती तशीच उभी राहिली. आबा रोज सकाळी दार उघडून बसत, किल्ली अर्धी फिरवत आणि समोर पेट्रोलच्या काट्याच्या जागी ज्या आठ दांड्या उजळायच्या त्या बघत. इंजिन सुरू करत नसत. सुरू केलं तर पेट्रोल जळेल. पोराने स्वतःच्या हाताने भरलेली शेवटची गोष्ट ती टाकी होती. तीन महिन्यांनी बॅटरी उतरायची, मग ते अभिमनला बोलावून चार्ज करून घेत.

"गाडी चालवत जा आबा थोडी," अभिमन एकदा म्हणाला होता.

"कोठे जाऊ?" आबांनी विचारलं.

पहिल्या उन्हाळ्यानंतर आठाच्या सात दांड्या झाल्या. दिवाळीला सहा. दुसऱ्या चैत्रात पाच.

घरात माणसं तीनच. आबा, यशोदाबाई आणि सालदार सुकलाल. सुकलाल साक्रीच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या पाड्यावरचा, भूपेंद्रच्याच वयाचा. सात वर्षं या घरी होता. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. त्या दिवशी जुनं साल संपतं आणि मालक म्हणाला 'राहा' तर नवं सुरू होतं. सात वर्षांत त्याला 'राहा' म्हणावंही लागलं नव्हतं. मागच्या आखाजीला भूपेंद्रच्या नावाने पहिली घागर भरली, तेव्हा पितर म्हणून जेवायला यशोदाबाईंनी सुकलाललाच बसवलं. गेलेल्याच्या वयाच्या माणसाने त्याच्या जागी बसायचं, त्याच्या नावाने जेवायचं. भावकीत कुजबुज झाली, आपला माणूस मिळाला नाही का म्हणून. यशोदाबाई म्हणाल्या, "त्यानाच संगे जेवे मन्हा पोर. तोच बठी."

हिवाळ्यात सुकलालने एक जुनी मोटारसायकल घेतली, पाड्यावर आईकडे जायला. तेवढं पुरलं. पारावर कोणीतरी बोललं, गाडी जागेवर, पेट्रोल मात्र कमी, आणि सालदाराला दुचाकी फिरवायला पेट्रोल येतं कोठून? यशोदाबाईंना दुपारी पडवीत पेट्रोलचा वास यायचा. आबा म्हणाले, वास येतो म्हणजे कोणीतरी काढतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी, सकाळी सातला, अभिमन बोलावल्यावरून तिथे पोचला. हवेत अजून गारवा होता. सुकलाल गोठ्यात वैरण टाकत होता. आबा पडवीत उभे होते, हातात काठी.

"अभिमन, खाले जाय आनि देख," ते म्हणाले. "नळी कापेल शे का, तेवढं सांग. उद्या आखाजी शे. ह्याले ठेवानं का काढानं, ते आज ठरी."

सुकलालच्या हातातली वैरण थांबली. मग पुन्हा पडायला लागली.

अभिमनने आधी दार उघडून किल्ली फिरवली. पाच दांड्या. लाल टिकलीच्या कडेने पिवळा उजेड पाझरत होता. त्याच क्षणी त्याला कळलं. तरी तो खाली गेला, कारण खाली जाणं हे त्याचं काम होतं.

दोन वर्षांची धूळ सगळीकडे बसली होती. फक्त एका नळीच्या तोंडाशी ती बसली नव्हती. तिथे बोटाएवढी काळसर, ओलसर कड होती, ओठासारखी. नळी वर बांधलेली. तारेला चार वेढे, पीळ उलटा.

दोन वैशाख. रोज दुपारी पत्रा तापायचा, टाकी तापायची आणि त्या नळीतून भूपेंद्रने भरलेलं पेट्रोल थोडं थोडं हवेत जात होतं. कोणी नेलं नव्हतं. अभिमनने वाट करून दिली होती.

पाठीवर पडल्या पडल्या तो वरच्या काळ्या पत्र्याकडे बघत राहिला. बाहेर आबांची काठी आणि पाय दिसत होते. थोडं पलीकडे सुकलालचे अनवाणी पाय. बाहेर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. त्याने खिशातून एक बोल्ट काढला, नळीच्या तोंडात घट्ट बसवला, वरून पट्टा आवळला. निदान आता आणखी जाणार नाही, असं तो स्वतःला म्हणाला. मग खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं आणि बाहेर आला.

"नळी कापेल शे?"

"नाही आबा. कापलेली नाही."

"मंग झाकनमाईन काढं."

अभिमन हात पुसत राहिला. यशोदाबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. सुकलाल त्याच्याकडे बघत होता. रागाने नाही, नुसता. मिस्तरी आता सांगेल म्हणून.

"झाकणाला कुलूप बसवून घेऊ," अभिमन म्हणाला.

तो खोटं बोलला नव्हता. पण कुलूप म्हटलं की चोर आलाच.

आबांनी मान हलवली. "उद्या आगारी आठेच, गाडीपासी टाकसू," ते म्हणाले. "झाकन उघाडीसन पोरले दाखाडसू. बाबा, तुन्हं भरेल जेवढं वाचाडता उनं तेवढं वाचाडं. आनि ह्याना हात घागरवर ठेवसू. पोरनी आन खाऊ दे."

अभिमनने चहा घेतला नाही. काम आहे म्हणाला.

आखाजीच्या दिवशी त्याच्या घरीही घागर होती, बापाच्या नावाची. लाल घागर, तिच्यावर छोटं मडकं, मडक्यावर डांगर, म्हणजे खरबूज. कोकिळाने, त्याच्या बायकोने, सांजोऱ्या आणि पुरणाचे मांडे केले होते. बाराच्या सुमाराला तिने आगारीसाठी गोवरीचे निखारे फुलवून त्याच्यासमोर ठेवले, त्यावर पितराचा घास ठेवला आणि तुपाची धार सोडली. ज्वाला एकदम उठली आणि क्षणभर तिच्या बांगड्यांपर्यंत आली.

"नमस्कार करा ना," ती म्हणाली. "कसला विचार चाललाय?"

अभिमन ज्वालेकडे बघत होता. काल गारव्यात त्याने टाकी बंद केली होती. एक दुपार गेली, दुसरी चढली होती. वाफेला जायला आता वाट नाही. झाकणातली झडप जुनी, तिचा भरवसा नाही. टाकी फुगून कोंडली असणार. आणि आबा झाकण उघडणार. निखाऱ्यांच्या शेजारी.

त्याने आबांना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. तो तसाच उठला. शेडमध्ये जाऊन भिंतीवरचा डबा ओढला, तार तुटली. कोकिळा मागे धावली. "अहो, बापाची घागर! पाणी तरी सोडा!"

"आलो," तो म्हणाला, आणि मोटारसायकल रस्त्याला लावली. वैशाखातला वारा तोंडावर भट्टीसारखा येत होता. वीस किलोमीटरांत त्याने एकदाही ब्रेक लावला असेल तर त्याला आठवत नाही.

पडवीत ते तिघंच होते. घागर गाडीच्या मागच्या चाकाजवळ मांडलेली, शेजारी घमेल्यात निखारे. पाट, पाटासमोर वाढलेलं ताट. सुकलाल गुडघ्यावर बसला होता आणि त्याचा उजवा हात घागरीच्या काठावर होता.

"भूपाभाऊनी आन," तो म्हणत होता. "मी एक थेंब लिधा नही."

"आन तं चोर बी खाई," आबा म्हणाले, उठले, आणि त्यांचा हात टाकीच्या झाकणाकडे गेला.

"आबा! हात काढा!"

अभिमनने मोटारसायकल तशीच पाडली. धावत येऊन त्याने निखाऱ्यांचं घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि अंगणाच्या टोकाला उकिरड्यापर्यंत नेऊन ठेवलं. पितराची आगारी कोणी अशी उचलत नाही. यशोदाबाईंच्या तोंडातून नुसता आवाज निघाला. तो परत आला तेव्हा त्याचे तळवे लाल झाले होते आणि त्याला तोंड पुसायचं सुचलं नाही. घाम, धूळ, सगळं तसंच होतं.

"पेट्रोल कोणी नेलं नाही," तो म्हणाला. "उडून गेलं. नळी मी मोकळी सोडली होती, भूपेंद्र होता तेव्हाच. दोन वर्षं रोज दुपारी उडत होतं. काल मला दिसलं. मी बूच मारलं आणि गप्प बसलो. आता टाकीत वाफ कोंडलीय. तुम्ही झाकण उघडलं असतं तर निखाऱ्यावर भडका झाला असता."

त्याने डबा पुढे केला. आबांनी तो घेतला, फिरवला, पत्र्याचा तुकडा डोळ्यांजवळ नेला. कोरलेल्या अक्षरांवर त्यांनी अंगठा फिरवला. थोडी काळी भुकटी त्यांच्या धोतरावर सांडली.

"काल काबं नही सांगं?"

"तोंड पुसून बाहेर आलो, आबा."

आबांना ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी डबा चाकापाशी ठेवला. मग सुकलालकडे न बघता म्हणाले, "ऱ्हाय. तू ऱ्हाय आठेच."

सुकलालने घागरीवरचा हात काढला. तो हात पुढे धरून बघितला, जणू तो कोणी उसना दिला होता.

"बस बाबा," यशोदाबाई म्हणाल्या. "ताट वाढेल शे. तू बस."

"अक्का, मागला साले याच हाते भूपाभाऊना घास खादा," सुकलाल म्हणाला. "आज याच हाते त्यानी आन खादी. आते हाऊ हात ताटमा कसा घालू?"

आवाज चढला नव्हता. तो गोठ्यात गेला, खुंटीवरची पिशवी घेतली, म्हशीच्या पाठीवर एकदा हात ठेवला. जाताना आबांच्या पाया पडला. आबांचा हात त्याच्या डोक्यापर्यंत गेला आणि मध्येच राहिला.

अंगणात त्याने मोटारसायकलला किक मारली. एकदा, दोनदा, पाचदा. मग टाकीचं झाकण उघडून आत बघितलं, गाडी आडवी करून हलवली, पुन्हा किक मारली. काही झालं नाही. हँडल धरून तो ती ढकलत फाट्याकडे निघाला. अभिमन म्हणाला, "माझ्या गाडीतलं थोडं देतो." सुकलालने मागे वळून फक्त मान हलवली. नाही.

पुढे अभिमन त्याच्या पाड्यावर दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा त्याची आई चमेलीबाई भेटली. पोरगा सुरतेकडे कामाला गेला म्हणाली, आणि पहिल्या वेळी तिने विचारलं, "त्यानी काय चोरं व्हतं?" काही नाही म्हणून अभिमनने सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्या घरमा एवढं जेवन सोडीसन काबं गया?"

पण त्या दुपारी हे अजून पुढे होतं. सुकलाल वळणाआड गेला तरी तिघं तिकडेच बघत होते.

"मिस्तरी," आबा म्हणाले. आजवर त्यांनी त्याला नेहमी नावानेच हाक मारली होती. "ते बूच काढ."

अभिमन गाडीखाली शिरला. पोळलेल्या बोटांनी पट्टा सैल केला आणि बोल्ट हळूहळू फिरवला. सुस्स् करून वाफ सुटली. भूपेंद्रने गाडी पहिल्यांदा आणली तेव्हा टाकीने हवा आत ओढली होती. आता ती बाहेर सोडत होती. वास ताज्या पेट्रोलचा नव्हता. जुन्या रंगाच्या डब्यासारखा, आंबूस, जड. आबा चाकापाशी उकिडवे बसले आणि ऐकत राहिले. आवाज बारीक होत गेला. शेवटी इतका बारीक की आहे की नाही कळेना.

"थांबनं?"

"थांबलं, आबा."

"उरेल शे ते? त्यावर गाडी चाली?"

अभिमन खालूनच बोलला. बाहेर येऊन, तोंडाकडे बघून हे सांगणं त्याला जमलं नसतं. "नाही. दोन वर्षांत त्यातला जोर गेला. काढून फेकावं लागेल."

"फेकू नको," आबा म्हणाले. "नळी मोकळीच राहू दे. जाईल तसं जाईल."

तो बाहेर आला तेव्हा यशोदाबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. ताटावर माशी बसायला आली होती, त्यांनी पदराने उडवली. वाढलेलं ताट पितराशिवाय उचलता येत नाही.

"बसा," त्या म्हणाल्या.

"अक्का, मी? मी कसा बसू? माझं वय…"

"दुसरं कोन शे आठे?"

त्याने हात धुतले. साबण लावून धुतले, राखेने धुतले, पुन्हा धुतले. पेट्रोलचा वास गेला नाही, आणि पाणी लागलं की तळवे चरचरत होते. तो भूपेंद्रच्या पाटावर बसला. आबांनी त्याच्या हातावर पाणी सोडलं, जसं पोराच्या नावाने सोडायचं तसं. त्याने मांडा मोडला, आमरसात बुडवला आणि तोंडात घातला. घासाला त्याच्या बोटांचा वास येत होता. त्याने सगळं ताट संपवलं. एक शीतही ठेवलं नाही. ठेवायची सोय नव्हती.

ताट उचलायच्या आधी पितराला पोट भरलं का ते विचारतात. यशोदाबाई समोर बसल्या, त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्यावरून मागे गाडीकडे बघत म्हणाल्या, "धायना का रे, बेटा?"

अभिमनने मान वर केली नाही.

"धायनू, माय," तो म्हणाला.